अमेरिकेत घरी केबल मोडेमवरून इंटरनेट घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अमेरिकेत आलेल्या मराठी विद्यार्थ्यांकडून आणि कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे केबल टीव्हीच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटपुरती आहेत. फायबर किंवा मोबाइल कंपन्यांच्या सेवेचा उल्लेख तुलनेपुरताच येईल. योजना आणि दर सतत बदलत असल्याने दिलेल्या किमती ढोबळ मानाव्यात.

१. केबल मोडेम म्हणजे नेमके काय? पुण्यात आमच्याकडे फायबरचा डबा होता, हा त्यापेक्षा वेगळा कसा?

भारतात आज अनेक शहरी घरांत काचेचा बारीक तंतू थेट घरापर्यंत येतो आणि त्याच्या टोकाला जो डबा असतो त्याला ओएनटी म्हणतात. अमेरिकेतील बहुतांश घरांत मात्र टीव्हीसाठी अनेक दशकांपूर्वी टाकलेली जाड, गोल कोअ‍ॅक्स केबल आधीपासूनच आहे आणि त्याच तारेवरून, टीव्हीच्या वाहिन्यांशेजारच्या वारंवारतांवर, इंटरनेटही पाठवले जाते. त्या तारेवरील रेडिओ संकेतांचे संगणकाला समजेल अशा डेटात आणि डेटाचे पुन्हा संकेतांत रूपांतर करणारे उपकरण म्हणजे केबल मोडेम. यासाठीचे डॉक्सिस हे मानक केबललॅब्ज या संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले आणि आजही सर्व केबल कंपन्या त्याच्याच पुढच्या आवृत्त्या वापरतात. भारतातही हे तंत्र अगदी अनोळखी नाही; मुंबई-पुण्यात हॅथवेसारख्या कंपन्यांनी अशा जोडण्या दिल्या होत्या.

केबल कंपनीचे जाळेही बरेचसे फायबरचेच असते. वस्तीतल्या एका नोडपर्यंत, म्हणजे अनेक घरांना जोडणाऱ्या पेटीपर्यंत, फायबर येते आणि तेथून पुढे घरापर्यंत कोअ‍ॅक्स. या शेवटच्या टप्प्यातच बहुतेक तक्रारींचे मूळ सापडते, हे पुढील अनेक उत्तरांत दिसेल.

२. मोडेम आणि राऊटर ही एकच वस्तू आहे का?

नाही. मोडेम बाहेरच्या तारेशी बोलतो. राऊटर घरातील फोन, संगणक आणि टीव्ही यांना ती जोडणी वाटून देतो आणि वायफाय तयार करतो. कंपनी भाड्याने देते तो उभा पांढरा किंवा काळा डबा बहुधा दोन्ही कामे करतो आणि त्याला गेटवे म्हणतात. दुकानात मिळणाऱ्या अनेक मोडेममध्ये मात्र वायफाय नसते आणि त्यांना वेगळा राऊटर जोडावा लागतो. डब्यावर केबलचे एक तोंड आणि इथरनेटचे एक-दोनच पोर्ट असतील, तर तो केवळ मोडेम आहे असे समजावे.

३. माझ्या पत्त्यावर कोणती कंपनी सेवा देते ते कसे कळेल? दोन केबल कंपन्यांची तुलना करता येईल का?

बहुतेक ठिकाणी केबल कंपनी एकच असते, त्यामुळे दोन केबल कंपन्यांत निवड करण्याची वेळ क्वचितच येते. एखाद्या शहराने एकाच कंपनीला एकाधिकार देण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. परंतु एका कंपनीच्या तारा सर्व खांबांवर असताना दुसरीने तोच खर्च पुन्हा करणे परवडत नाही, म्हणून व्यवहारात मक्तेदारी टिकून राहिली आहे. कॉमकास्टची एक्सफिनिटी ही सेवा सिएटल, बे एरिया, शिकागो, बोस्टन या भागांत, चार्टरची स्पेक्ट्रम लॉस एंजेलिस, डॅलस, शार्लट येथे, कॉक्स फिनिक्समध्ये आणि ऑप्टिमम लाँग आयलंडवर आढळते.

फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, या केंद्रीय नियामकाच्या ब्रॉडबँड नकाशावर पत्ता टाकला की तेथे उपलब्ध असल्याचा दावा करणाऱ्या सर्व कंपन्या दिसतात. दावा आणि वस्तुस्थिती यांत फरक पडू शकतो, म्हणून त्यानंतर कंपनीच्या संकेतस्थळावर अपार्टमेंट क्रमांकासह पत्ता तपासावा. फायबर उपलब्ध असेल आणि दर जवळपास सारखा असेल, तर आमचे मत फायबरच्या बाजूने आहे. कारण प्रश्न १६ मध्ये दिले आहे.

४. अपार्टमेंटचा व्यवस्थापक म्हणतो की इंटरनेट भाड्यातच आहे. हे घ्यावेच लागते का?

बहुधा होय. अनेक संकुले कंपनीशी घाऊक करार करतात आणि ती रक्कम प्रत्येक भाडेकरूकडून घेतात. असे करार कायदेशीर आहेत. एफसीसीने २०२२ मध्ये केबल कंपनी आणि इमारतमालक यांच्यातील काही प्रकारच्या महसूल-वाटणीच्या करारांवर बंदी आणली, पण त्यामुळे घाऊक बिलिंग बंद झालेले नाही. लीजवर सही करण्यापूर्वी वेग किती, वायफाय सामाईक आहे की स्वतंत्र, आणि स्वतःचा राऊटर लावता येतो का, एवढे लेखी विचारून घ्यावे.

५. मी नुकताच आलो आहे, सोशल सिक्युरिटी नंबर नाही. तरी जोडणी मिळेल का?

मिळते, पण ऑनलाइन अर्ज बऱ्याचदा त्या रकान्यावरच अडतो. कंपनी हा क्रमांक पतपडताळणीसाठी मागते. तो नसल्यास पासपोर्ट आणि लीज घेऊन कंपनीच्या दुकानात प्रत्यक्ष जावे. ओळख पटवून, प्रसंगी अनामत रक्कम घेऊन, खाते उघडून दिले जाते. अनामत घेतली तर ती केव्हा आणि कशी परत मिळणार हे पावतीवर लिहून घ्यावे.

दुसरा मार्ग प्रीपेड सेवेचा आहे. कॉमकास्टने २०२४ मध्ये नाऊ इंटरनेट या नावाने पतपडताळणीविना प्रीपेड योजना सुरू केली. वेग कमी असतो, पण सहा महिन्यांत घर बदलणाऱ्या विद्यार्थ्याला तेवढे पुरते. तीन-चार रूममेट मिळून जोडणी घेत असतील, तर ज्याच्याकडे क्रमांक आधीपासून आहे त्याच्या नावावर खाते काढण्याची पद्धत सर्रास आहे. मात्र थकबाकी आणि न परतवलेल्या उपकरणाची जबाबदारी त्या एकट्यावर येते, हे बाकीच्यांनी विसरू नये.

६. आम्ही दोघे घरून काम करतो आणि रोज आई-बाबांशी व्हिडिओ कॉल असतो. किती वेगाची योजना घ्यावी?

प्रथम एकक नीट समजून घ्यावे. जाहिरातीतील ३०० एमबीपीएस हे मेगाबिट असतात. एका बाइटमध्ये ८ बिट असल्याने प्रत्यक्ष फाइल उतरवताना (डाउनलोड करताना) तो वेग सेकंदाला सुमारे ३७ मेगाबाइट दिसतो आणि यात कोणाची फसवणूक नसते.

चांगल्या दर्जाच्या एका व्हिडिओ कॉलला साधारण ३ ते ४ एमबीपीएस पुरतात, तेही दोन्ही दिशांना. फोर-के चित्रपट पाहायला २५ एमबीपीएसच्या आसपास लागतात. म्हणजे चार माणसांच्या घराला २०० ते ३०० एमबीपीएस सहज पुरतात आणि विक्रेता गळ्यात मारू पाहतो त्या एक गिगाबिटच्या योजनेतील बराचसा वेग पडूनच राहतो. एफसीसीने २०२४ मध्ये ब्रॉडबँडची किमान व्याख्या १०० एमबीपीएस उतरवण्यासाठी आणि २० एमबीपीएस चढवण्यासाठी (अपलोड) अशी केली. योजना निवडताना या दुसऱ्या आकड्याकडे आधी पाहावे. नागपूर किंवा सांगलीला बसलेल्या आई-बाबांना तुमचा चेहरा अडखळत दिसतो तो बहुधा तुमच्याकडील चढत्या वेगामुळे.

७. जाहिरातीत ४० डॉलर लिहिले होते, बिल ६५ चे आले. हे कसे?

जाहिरातीतील किंमत बहुधा १२ किंवा २४ महिन्यांची सवलतीची असते, त्यात स्वयंचलित भरण्याची सूट आधीच वजा केलेली असते आणि उपकरणाचे भाडे धरलेले नसते. एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून छोट्या कंपन्यांनाही प्रत्येक योजनेशेजारी एक ठरावीक तक्ता दाखवणे बंधनकारक आहे. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर पोषणमूल्यांचा तक्ता असतो त्याच धर्तीचा हा तक्ता असून सवलतीची मुदत, मुदतीनंतरचा दर, मासिक शुल्के, वेळेआधी सेवा सोडल्यास लागणारा दंड आणि डेटाची मर्यादा हे सर्व त्यात असते. खरेदीच्या दिवशी त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. सवलत संपल्यावर फोन करून सेवा बंद करण्याचा मनोदय सांगितला असता नवी सवलत मिळण्याची शक्यता असते; ती मागितल्याशिवाय मात्र कोणी देत नाही.

सरकारची महिना ३० डॉलरची एसीपी (अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम) ही इंटरनेट बिलावरील सूट आता नाही. निधी संपल्यामुळे ती १ जून २०२४ पासून बंद झाली आहे, त्यामुळे तिच्याबद्दलचे जुने सल्ले बाजूला ठेवावेत.

८. मोडेम भाड्याने घ्यावा की विकत?

भाडे वेगळे लागत असेल आणि वर्षभराहून जास्त राहायचे असेल, तर विकत घ्यावा. गेटवेचे भाडे महिना १५ डॉलरच्या आसपास असते, म्हणजे वर्षाला १८०. चांगला मोडेम दीडशे ते दोनशे डॉलरला मिळतो आणि पाच-सहा वर्षे सहज चालतो. राऊटर धरून हिशेब दीड-दोन वर्षांत फिटतो.

याला अपवाद आहेत. स्पेक्ट्रम मोडेमचे वेगळे भाडे लावत नाही, त्यामुळे तेथे स्वतःचा मोडेम घेऊन काही वाचत नाही. फार तर वायफायचे शुल्क टाळण्यासाठी स्वतःचा राऊटर घ्यावा. काही योजनांत गेटवे किंवा अमर्याद डेटा किमतीतच धरलेला असतो आणि स्वतःचे उपकरण लावले की अमर्याद डेटाचे वेगळे पैसे पडतात, तेव्हा हिशेब उलटू शकतो. कंपनीकडून घरचा फोनही घेतला असेल, तर साधा मोडेम चालत नाही, फोनचे तोंड असलेला मोडेम लागतो. आणि भाड्याचा डबा बिघडला तर कंपनी तो बदलून देते. स्वतःचा बिघडला तर खर्च आपला.

स्वतःचा मोडेम लावल्यावरही बिलात भाडे येत राहिले, तर ते चालवून घेऊ नये. न दिलेल्या उपकरणाचे भाडे आकारण्यास डिसेंबर २०२० पासून केंद्रीय कायद्याने मनाई आहे. कंपनीने दाद न दिल्यास एफसीसीकडे ऑनलाइन तक्रार विनामूल्य करता येते आणि कंपनीला तिचे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते.

९. विकत घेताना काय पाहावे? डॉक्सिस ३.०, ३.१, ४.० यांत काय फरक आहे?

पहिली पायरी दुकानाची नव्हे, कंपनीच्या संकेतस्थळाची आहे. प्रत्येक केबल कंपनी आपल्या जाळ्यावर चालणाऱ्या मोडेमची यादी प्रसिद्ध करते. यादीत नसलेला मोडेम कितीही भारी असला तरी ती तो सुरू करून देईलच असे नाही. यादीत मॉडेलचा पूर्ण क्रमांक जुळवावा, कारण एका अक्षराच्या फरकाने उपकरण बदलते.

डॉक्सिस ३.० मध्ये ६ मेगाहर्ट्झ रुंदीच्या अनेक वाहिन्या एकत्र बांधून वेग मिळवला जातो. एका वाहिनीतून साधारण ३८ एमबीपीएस मिळतात, म्हणून खोक्यावर १६ × ४ किंवा ३२ × ८ असे आकडे असतात. पहिला उतरत्या वाहिन्यांचा, दुसरा चढत्या. डॉक्सिस ३.१ मध्ये याखेरीज १९२ मेगाहर्ट्झपर्यंत रुंद पट्टे वापरता येतात आणि तारेतील गोंगाटाशी ते अधिक चांगले जुळवून घेतात. आज नवा मोडेम घेताना ३.१ च घ्यावा, मग योजना ३०० एमबीपीएसची का असेना. ३.० चे मोडेम स्वस्तात विकले जातात ते दुकानदाराला ते संपवायचे असतात म्हणून. ४.० चा वापर कॉमकास्टने २०२३ च्या शेवटी काही शहरांत सुरू केला. त्यासाठी थांबून राहण्याचे सामान्य ग्राहकाला कारण नाही.

दोन गोष्टी खोक्यावर लिहिलेल्या नसतात. काही भागांत कंपनीने चढता वेग वाढवला आहे, पण तो मिळण्यासाठी मोडेमने विस्तारित पट्टा (प्रश्न १६ पाहा) ओळखायला हवा. कंपनीच्या यादीत अशा मोडेमची नोंद स्वतंत्र असते. दुसरे म्हणजे इंटेलच्या प्यूमा ६ या चिपचे मोडेम टाळावेत. आरिस एसबी६१९० हे त्यातले गाजलेले उदाहरण. वेगचाचणीत ते उत्तम दिसतात, पण मधूनमधून प्रतिसाद लांबतो आणि व्हिडिओ कॉल व खेळ अडखळतात.

१०. आधीच्या भाडेकरूने मोडेम ४० डॉलरला देऊ केला आहे. घ्यावा का?

घेण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करावी. हा डबा त्याच्या मालकीचा आहे की कंपनीचा भाड्याचा, हे पाहावे. कंपनीचे नाव किंवा बोधचिन्ह छापलेला गेटवे बहुधा भाड्याचा असतो आणि तो तुमच्या खात्यावर सुरू होणार नाही. मालकीचा असल्यास त्याने तो स्वतःच्या खात्यातून काढून टाकलेला असावा. प्रत्येक मोडेमच्या तळाशी मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाचा स्वतःचा ओळखक्रमांक, छापलेला असतो. तो कंपनीला फोनवर सांगून नोंदवता येईल का हे आधी विचारावे आणि मगच पैसे द्यावेत. त्याशिवाय मॉडेल प्रश्न ९ मधील कसोट्यांवर तपासावे.

११. भारतातून आणलेला मोडेम किंवा राऊटर येथे चालेल का?

भारतातील फायबरचा ओएनटी येथे अजिबात चालणार नाही. त्याला केबलचे तोंडच नसते. स्वतंत्र राऊटर मात्र मोडेमला जोडून चालवता येतो. त्याच्या अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिले आहे का ते पाहावे, कारण येथे १२० व्होल्ट वीज असते. एक बारीक अडचण वायफायच्या वाहिनीची आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १२ आणि १३ या वाहिन्या चालतात, येथे ११ पर्यंतच. राऊटर १३ वर राहिला तर येथे घेतलेल्या फोनला ते वायफाय दिसतच नाही आणि माणूस राऊटर बिघडला असे समजतो.

१२. स्वतः जोडणी करता येते का? नेमके काय करायचे?

घरात केबलचा सॉकेट असेल आणि तो जिवंत असेल, तर तंत्रज्ञाची गरज नसते. भिंतीतील सॉकेटला कोअ‍ॅक्सचे एक टोक, मोडेमला दुसरे, मग वीज, आणि त्यानंतर कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा फोनवरून मोडेमची नोंदणी, असा क्रम आहे.

केबलचे टोक जवळून पाहावे. आट्यांच्या नटमधून तांब्याची एकच तार बाहेर आलेली दिसते. ती सरळ असावी आणि नटच्या कडेपेक्षा किंचितच पुढे असावी. ती वाकलेली असेल किंवा भोवतीच्या जाळीचा एखादा धागा तिला चिकटला असेल, तर मोडेम कधी चालेल, कधी नाही. नट बोटांनी पूर्ण आवळावा आणि मग ७/१६ इंची पान्याने हलकेच थोडासा आणखी फिरवावा. ढिला नट हे घरगुती बिघाडांचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

वीज दिल्यावर मोडेम आधी उतरता संकेत शोधतो, मग चढता जुळवतो आणि नंतर कंपनीकडून एक संरचना फाइल उतरवतो, ज्यात तुमच्या योजनेचा वेग लिहिलेला असतो. या पायऱ्या दिव्यांच्या लुकलुकण्यातून कळतात. शेवटचा ऑनलाइन दिवा स्थिर होईपर्यंत, विशेषतः पहिल्या वेळी अर्धा तास लागला तरी, प्लग काढू नये. मोडेमचे अंतर्गत सॉफ्टवेअर, तो तुमचा असला तरी, केबल कंपनीच अद्ययावत करते.

१३. घरात तीन सॉकेट आहेत, पण मोडेम एकाच सॉकेटवर सुरू होतो. असे का?

बाकीच्या दोन सॉकेटच्या तारा बहुधा कोठेच जोडलेल्या नसतात. सर्व खोल्यांच्या तारा घराबाहेरील पेटीत, तळघरात किंवा एखाद्या कपाटात एकत्र येतात आणि तंत्रज्ञ फक्त वापरातील तार जोडून ठेवतो. कधी एखादा सॉकेट जुन्या उपग्रह तबकडीकडे किंवा छतावरील अँटेनाकडे गेलेला असतो. स्वतःच्या घरात ही पेटी उघडून पाहता येते. अपार्टमेंटमध्ये ती कुलूपबंद असल्यास व्यवस्थापकाला सांगावे. मोडेम चालतो त्याच सॉकेटवर ठेवून राऊटर घराच्या मध्यावर न्यायचा असेल, तर लांब कोअ‍ॅक्सऐवजी लांब इथरनेट तार वापरणे बरे.

१४. स्प्लिटर लावून टीव्ही आणि मोडेम दोन्ही चालवता येतील का?

येतील, परंतु संकेत वाटला जातो. दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक बाजूला सुमारे ३.५ डेसिबल आणि चार तोंडांच्या स्प्लिटरमध्ये सुमारे ७ डेसिबल घट होते. म्हणून शक्यतो पहिल्याच ठिकाणी दोन तोंडांचा स्प्लिटर लावावा, एक वाट सरळ मोडेमला द्यावी आणि टीव्हीसाठीचे पुढील फाटे दुसऱ्या वाटेवर घ्यावेत. टीव्ही घेतलाच नसेल, तर मागच्या भाडेकरूने ठेवलेला स्प्लिटर काढून टाकावा. वापरात नसलेल्या तोंडांवर ७५ ओहमची छोटी टोपी बसवावी. उघडे तोंड बाहेरचा गोंगाट आत घेते आणि तो शेजाऱ्यांपर्यंतही पोहोचतो.

घरातील कोअ‍ॅक्सवरूनच खोल्याखोल्यांत इंटरनेट नेणारे मोका उपकरण वापरत असाल, तर तार घरात शिरते तेथे मोका फिल्टर लावणे आवश्यक आहे. मोकाचा पट्टा ११२५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि डॉक्सिस ३.१ ची वरची मर्यादा १२१८ पर्यंत जाऊ शकते, त्यामुळे काही जाळ्यांवर या दोहोंची टक्कर होते. मोका जोडल्यापासून मोडेम अधूनमधून तुटत असेल, तर संशय येथे घ्यावा.

१५. ठरल्यापेक्षा वेग कमी मिळतो. दोष माझा की कंपनीचा, हे कसे ठरवावे?

वायफायवर घेतलेली चाचणी पुरावा म्हणून कामाची नाही. संगणक इथरनेट तारेने थेट मोडेमला जोडावा, मोडेम एकदा बंद-चालू करावा आणि मग वेग मोजावा. तारेने वेग पूर्ण मिळाला, तर दोष राऊटरचा किंवा त्याच्या जागेचा. तारेनेही कमी मिळाला, तर पुढील पायरी.

ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता इंग्रजी अंकांत टाकल्यास बहुतेक मोडेमचे स्वतःचे पान उघडते. त्यातील तीन आकडे महत्त्वाचे. उतरत्या संकेताची शक्ती उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्ही असावी. मानकानुसार १५ पर्यंत चालते, पण त्या काठावर भरवसा नसतो. संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर ३३ डेसिबलच्या वर असावे. चढत्या संकेताची शक्ती साधारण ३५ ते ४९ च्या दरम्यान असावी. हा शेवटचा आकडा ५० च्या पुढे गेला, तर आपला आवाज पोहोचवण्यासाठी मोडेमला ओरडावे लागते आहे, म्हणजे वाटेत कोठेतरी स्प्लिटर, गंजलेला जोड किंवा खराब तार आहे. नोंदवहीत टी३ किंवा टी४ टाइमआउट (कंपनीकडून वेळेत उत्तर न आल्याच्या नोंदी) वारंवार दिसत असतील आणि दुरुस्त न होणाऱ्या चुकांचा आकडा तासागणिक वाढत असेल, तर तोही त्याच दिशेचा पुरावा आहे.

या पानाची छायाचित्रे कंपनीला फोन करताना हाताशी ठेवावीत. पहिला प्रतिनिधी मोडेम बंद-चालू करायलाच सांगेल, ते करावे; पण चढती शक्ती ५२ आहे असे सांगताच संभाषणाचा सूर बदलतो.

१६. उतरता वेग ५०० आणि चढता फक्त २०. हा बिघाड आहे का?

नाही, ही जाळ्याची जुनी रचना आहे. केबल टीव्ही एकाच दिशेने चालणारा असल्याने तारेवरील बहुतेक जागा घरांकडे येणाऱ्या संकेतांना दिली गेली आणि घरातून बाहेर जाण्यासाठी ५ ते ४२ मेगाहर्ट्झ एवढीच अरुंद पट्टी उरली. आता कंपन्या ती ८५ किंवा २०४ मेगाहर्ट्झपर्यंत रुंद करीत आहेत, पण हे काम वस्तीनिहाय चालते. तुमच्या भागात ते झाले असल्यास योग्य मोडेमने फरक पडेल (प्रश्न ९ पाहा). झाले नसल्यास महागडी योजना घेऊनही चढता वेग फारसा वाढत नाही. फायबरमध्ये हे बंधन नसते.

१७. दिवसा सर्व ठीक असते, रात्री आठ ते अकरा मात्र मंद होते. यावर उपाय काय?

एका नोडवरील शेकडो घरे तीच क्षमता वाटून घेतात, त्यामुळे सर्वजण एकाच वेळी चित्रपट लावतात तेव्हा वाटा कमी होतो. संकेताचे आकडे दिवसा आणि रात्री सारखेच चांगले असतील आणि फक्त वेगच घटत असेल, तर घरातील कोणत्याही खटपटीने किंवा वरच्या योजनेने हे सुटत नाही. नोडची विभागणी कंपनीनेच करायला हवी. उलट पाऊस पडला, थंडी वाढली किंवा दुपार तापली की सेवा ढासळत असेल, तर ती गर्दी नसून बाहेरच्या जोडात शिरलेले पाणी किंवा आकसणारी तार असते. खांबावरच्या तारा खारी कुरतडतात हेही येथे थट्टेवारी न्यायचे कारण नाही. तंत्रज्ञ ते रोज पाहतात.

१८. तंत्रज्ञ बोलावला तर पैसे कोण देणार?

तार घरात शिरते तेथे, बाहेरच्या भिंतीवर, ग्राउंड ब्लॉक नावाचा छोटा धातूचा जोड असतो आणि त्याला जमिनीत जाणारी तार लावलेली असते. स्थूलमानाने त्याच्या अलीकडचा बाहेरचा भाग कंपनीचा आणि आतील तारा घरमालकाच्या. दोष बाहेर निघाला तर शुल्क लागू नये. आत निघाला, किंवा तुमच्याच मोडेममध्ये निघाला, तर बहुधा लागते. म्हणून भेट ठरवतानाच दोष कोठे निघाल्यास किती शुल्क, हे विचारून घ्यावे. भाड्याच्या घरातील भिंतीतली तार बदलायची असल्यास खर्च करण्यापूर्वी घरमालकाशी बोलावे.

१९. डेटाला मर्यादा असते का?

कंपनीवर आणि योजनेवर अवलंबून आहे. स्पेक्ट्रमला मर्यादा नाही. एक्सफिनिटीच्या अनेक जुन्या योजनांना काही राज्यांत महिना १.२ टेराबाइटची मर्यादा आहे आणि ती ओलांडल्यास प्रत्येक ५० गिगाबाइटला १० डॉलर, जास्तीत जास्त १०० डॉलर लागतात. २०२५ पासूनच्या नव्या योजनांत मात्र अमर्याद डेटा दिला जातो. म्हणजे जुन्या ग्राहकाने फक्त योजना बदलली तरी हा प्रश्न सुटू शकतो. नुसते चित्रपट आणि कॉल यांनी १.२ टेराबाइट गाठणे अवघड असते. घरात सुरक्षा कॅमेरे सतत चित्रण वर चढवत असतील तर मात्र नक्की पाहावे, कारण चढवलेला डेटाही मोजला जातो.

२०. कंपनी म्हणते की माझ्या पत्त्यावर आधीच कोणाची तरी सेवा चालू आहे. आता काय करायचे?

आधीच्या भाडेकरूने खाते बंद केलेले नाही, एवढाच याचा अर्थ. तुमच्या नावाची, तारखेची आणि अपार्टमेंट क्रमांकाची लीज दाखवल्यास कंपनी जुनी सेवा तोडून नवी सुरू करते. यासाठी फोनपेक्षा दुकानात जाणे जलद ठरते. थकबाकी कोणाची हा वाद तुमचा नाही. ती भरण्यास कोणी सुचवले तर नकार द्यावा. अपार्टमेंटचा क्रमांक चुकीचा नोंदला गेल्यानेही असे घडते, म्हणून आधी पत्ता अक्षरशः जुळवून पाहावा.

२१. कंपनीचा गेटवे ठेवून माझा राऊटर लावला, तर ऑफिसचे व्हीपीएन आणि खेळ अडखळू लागले. का?

दोन राऊटर एकामागे एक बसले आणि दोघेही पत्त्यांचे भाषांतर करू लागले, म्हणून. गेटवेच्या पानावर जाऊन त्याला ब्रिज मोडमध्ये टाकावे, म्हणजे तो केवळ मोडेम म्हणून काम करतो आणि वायफाय तुमचा राऊटर देतो. कंपनीचे वायफाय विस्तारक वापरत असाल, तर ते या स्थितीत बंद पडतात.

२२. वीज गेल्यावर इंटरनेट चालू राहील का?

मोडेम आणि राऊटर छोट्या यूपीएसवर ठेवल्यास काही काळ चालते, कारण नोडला बऱ्याचदा स्वतःची बॅटरी असते. केबलवरचा घरचा फोन मात्र मोडेमबरोबरच बंद पडतो आणि त्यावरून ९११ ला फोन लागत नाही. घरात वयस्कर पाहुणे असतील, तर चार्ज केलेला मोबाइल जवळ ठेवण्यास त्यांना सांगून ठेवावे.

२३. घर बदलताना किंवा कायमचे भारतात परतताना सेवा कशी बंद करावी?

त्याच कंपनीच्या क्षेत्रात घर बदलत असाल, तर सेवा स्थलांतरित करावी आणि स्वतःचा मोडेम बरोबर न्यावा. दुसऱ्या कंपनीच्या क्षेत्रात जात असाल, तर तिच्या यादीत तो आहे का ते आधी पाहावे.

बंद करताना करारातील दंडाची मुदत तपासावी, बंद करण्याची तारीख लेखी घ्यावी आणि भाड्याचे उपकरण स्वतः परत करावे. एक्सफिनिटी आणि स्पेक्ट्रमचे डबे यूपीएस या कुरिअर कंपनीच्या दुकानातही स्वीकारले जातात. तेथे मिळणाऱ्या पावतीवर उपकरणाचा क्रमांक आहे ना, हे काउंटरवरच पाहून तिचे छायाचित्र काढावे. डबा मिळाला नाही असे सांगून त्याची किंमत आकारणारे बिल काही महिन्यांनी, तुम्ही परतल्यानंतरही, ईमेलवर येऊ शकते आणि थकीत राहिल्यास ते वसुली संस्थेकडे जाऊन क्रेडिट नोंदीत लागते. त्यामुळे अमेरिकेतील बँक खाते बंद करण्यापूर्वी अंतिम बिल शून्यावर आल्याची खात्री करावी, आणि ईमेलचा पत्ता विद्यापीठाचा असेल तर तो आधी बदलून घ्यावा. स्वतःच्या मोडेमचा मॅक पत्ता खात्यातून काढून घेतल्यानंतरच तो पुढच्या विद्यार्थ्याला विकावा. भारतात नेऊन त्याचा उपयोग होणार नाही.